अंगावरची लव : दीडशे वर्षे चाललेला शोध

'आपल्या अंगावर केस कशासाठी असतात?' हा प्रश्न वर्गात कधी ना कधी येतोच. बहुधा उत्क्रांतीचा पाठ चालू असताना येतो. आंत्रपुच्छ, माकडहाड, अक्कलदाढ, अंगावरील केस अशी अवशेषांगांची यादी फळ्यावर लिहिली जाते. पूर्वजांना यांचा उपयोग होता, आपल्याला तो उरलेला नाही, असे सांगून आपण पुढच्या मुद्द्याकडे वळतो. हे उत्तर सोपे आहे आणि परीक्षेलाही चालते. पण ते पुरेसे आहे का?

या प्रश्नाचा इतिहास पाहिला तर लक्षात येते की, येथे प्रश्न एक नसून दोन आहेत. आपल्या पूर्वजांच्या अंगावरचे दाट केस का गेले, हा पहिला. आणि ते गेल्यावरही बारीक लव का राहिली, हा दुसरा. पहिल्या प्रश्नावर शंभराहून अधिक वर्षे मोठमोठ्या शास्त्रज्ञांनी वाद घातला. दुसऱ्याकडे मात्र बराच काळ फारसे कोणाचे लक्ष गेले नाही.

सुरुवात आपल्या हातापासूनच करू या. उजेडात हात धरून लव कोणत्या दिशेने वळली आहे ते पाहा. दंडावरची लव खाली कोपराकडे झुकलेली असते, तर कोपराच्या पुढच्या भागावरची मनगटाकडून कोपराच्या रोखाने. चार्ल्स डार्विनने १८७१ साली प्रसिद्ध केलेल्या 'डिसेंट ऑफ मॅन' या ग्रंथात ही गोष्ट नोंदवली आहे. गोरिला, चिंपांझी आणि ओरांगउटान यांच्या हातांवरही केसांची रचना अशीच असते. ती कशासाठी, याचे स्पष्टीकरण डार्विनला आल्फ्रेड रसेल वॉलेसकडून मिळाले होते. वॉलेसने १८५४ ते १८६२ ही आठ वर्षे मलाया द्वीपसमूहात काढली होती आणि ओरांगउटान जवळून पाहिले होते. पावसात हा प्राणी हात दुमडून डोक्यावर धरतो किंवा फांदीला विळखा घालतो. अशा वेळी कोपर खाली येते आणि केसांवरून पाणी निथळून जाते. आपल्याला त्या रचनेचा आता उपयोग नाही, पण तिची खूण हातावर राहिली आहे.

डार्विनने दुसरा पुरावा दिला तो गर्भाचा. सुमारे सहा महिन्यांच्या मानवी गर्भाचे अंग मऊ, लोकरीसारख्या केसांनी झाकलेले असते. हे केस साधारणपणे जन्मापूर्वी गळून जातात. आपले पूर्वज केसाळ होते, याबद्दल डार्विनला शंका नव्हती. मग ते केस गेले कसे?

नेमक्या याच ठिकाणी नैसर्गिक निवडीच्या तत्त्वाचे दोन जनक एकमेकांपासून दुरावले. वॉलेसने १८७० साली असे मांडले की, अंगावरचे केस जाणे नैसर्गिक निवडीने समजावता येत नाही. नैसर्गिक निवड उपयोगी गुण टिकवते. सस्तन प्राण्यांचे केस पाठीवर सर्वांत दाट असतात, कारण ऊन, पाऊस आणि थंडी प्रथम पाठीवरच येतात. माणसाची पाठ मात्र जवळजवळ उघडी. त्याला ही उणीव जाणवते, म्हणून तर तो सर्वप्रथम पाठ आणि खांदे झाकतो. आपल्याकडचे इरले किंवा घोंगडीची खोळ आठवली की, वॉलेसचा मुद्दा चटकन पटतो. उपयोगी वस्तू निसर्ग काढून कशी घेईल? त्यावरून वॉलेसने निष्कर्ष काढला की, माणसाच्या घडणीत कोणत्या तरी उच्च बुद्धिशक्तीचा हात असला पाहिजे. आपल्या दोघांच्या अपत्याला वॉलेस स्वतःच मारून टाकणार की काय, अशी धास्ती डार्विनने त्याआधीच, १८६९ च्या पत्रात, व्यक्त केली होती.

डार्विनने वॉलेसचा आक्षेप टाळला नाही. केस जाण्याने माणसाचा थेट फायदा झाला नसावा, हे त्याने मान्य केले. पण त्यासाठी अलौकिक शक्ती कशाला हवी? मोराचा पिसाराही जगण्याला मदत करत नाही. तो जोडीदाराच्या पसंतीमुळे टिकतो. तसेच कमी केसांचे जोडीदार पसंत केले जाऊन पिढ्यान्‌पिढ्या केस विरळ होत गेले असतील. यालाच लैंगिक निवड म्हणतात. वॉलेसला हे पटले नाही. दोघांपैकी कोणाकडेही दुसऱ्याला चूक ठरवणारा पुरावा नव्हता.

१८७४ साली या वादात एक वेगळा आवाज आला. थॉमस बेल्ट हा खाणींचा अभियंता मध्य अमेरिकेतील निकाराग्वामध्ये सोन्याच्या खाणीवर काम करत होता आणि फावल्या वेळात प्राणी व वनस्पतींचे निरीक्षण करत होता. उष्ण प्रदेशात गोचिडांसारख्या परजीवींचा त्रास किती असतो, हे त्याने अनुभवले होते. अंगावर केस नसले तर हे जीव लपणार कुठे? ते दिसतील आणि वेचून काढता येतील, असे त्याचे म्हणणे. डार्विनने आपल्या ग्रंथाच्या दुसऱ्या आवृत्तीत या कल्पनेची दखल घेतली, पण शंकाही काढली. उष्ण प्रदेशातील इतके चतुष्पाद प्राणी हाच त्रास सोसतात. त्यांचे केस का गेले नाहीत? ही शंका पुढे प्रत्येक नव्या कल्पनेला विचारली गेली : हे कारण खरे असेल, तर ते फक्त माणसालाच कसे लागू पडले?

ब्रिटिश सागरी जीवशास्त्रज्ञ ॲलिस्टर हार्डी यांनी १९६० साली सुचवले की, आपले पूर्वज काही काळ उथळ पाण्यात अन्न शोधत असावेत आणि देवमाशासारखे त्यांचे केस गेले असावेत. एलेन मॉर्गन या लेखिकेने १९७२ पासून ही कल्पना लोकप्रिय केली. पण पाण्यात राहणाऱ्या ऊदमांजराच्या अंगावर दाट केस असतातच, आणि अशा जलचर पूर्वजांचा जीवाश्मही मिळालेला नाही. बहुतेक मानवशास्त्रज्ञांनी ही कल्पना स्वीकारली नाही.

यानंतर प्रश्न मोजमापाच्या कक्षेत आला. पीटर व्हीलर यांनी १९८४ पासून उष्णतेचा हिशेब मांडला. आफ्रिकेच्या गवताळ प्रदेशात दोन पायांवर उभ्या राहिलेल्या प्राण्याच्या अंगावर भर दुपारचे ऊन चतुष्पादापेक्षा कमी पडते. त्याला लांब अंतर चालायचे, पळायचे असेल तर अंगातली उष्णता बाहेर टाकणे महत्त्वाचे ठरते. माणसाच्या त्वचेत वीस ते चाळीस लाख घर्मग्रंथी असतात. एक लिटर घाम पूर्ण सुकला तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता शरीराबाहेर जाते. पण घाम त्वचेवरच सुकला पाहिजे. दाट केसांत अडकून त्यांच्या टोकांवर सुकला तर त्वचेला गारवा कमी मिळतो. डोक्यावरचे केस का राहिले, हेही यातून कळते, कारण उभ्या माणसाच्या डोक्यावर ऊन थेट पडते. २०२३ साली टीना लासिसी आणि सहकाऱ्यांनी तापवलेल्या पुतळ्याला वेगवेगळे केसांचे टोप घालून मोजमाप केले. केसांमुळे डोक्याला लागणारी उन्हाची उष्णता कमी होते आणि घट्ट कुरळ्या केसांमुळे सर्वांत कमी होते, असे त्यांना आढळले.

केस गेले केव्हा, याचा अंदाज जनुकांवरून बांधता आला. चिंपांझीच्या केसांखालची त्वचा बरीचशी फिकट असते. केस गेल्यावर उघड्या त्वचेला उन्हापासून वाचवण्यासाठी गडद रंगाची गरज पडली असणार. त्वचेच्या रंगाशी संबंधित एका जनुकाच्या अभ्यासावरून ॲलन रॉजर्स आणि सहकाऱ्यांनी २००४ साली असे दाखवले की, आफ्रिकेत गडद त्वचा किमान बारा लाख वर्षांपूर्वी पक्की झाली होती. दुसरी साक्ष दिली उवांनी! कपड्यांत राहणारी ऊ डोक्यातल्या उवेपासून केव्हा वेगळी झाली, हे जनुकांवरून काढता येते. २०११ च्या अशा एका अभ्यासाने कपड्यांचा वापर सुमारे एक लाख सत्तर हजार वर्षांपूर्वी सुरू झाला असावा, असा अंदाज दिला. हे दोन्ही अंदाज बरोबर असतील, तर आपले पूर्वज कपड्यांविना आणि दाट केसांविना लाखो वर्षे जगले. म्हणजे कपडे आले म्हणून केस गेले, हा समज टिकत नाही.

बेल्टची कल्पनाही मेली नव्हती. मार्क पॅगल आणि वॉल्टर बॉडमर यांनी २००३ साली ती नव्याने मांडली. डार्विनच्या जुन्या शंकेला त्यांचे उत्तर होते की, निवारा, अग्नी आणि कपडे ही साधने माणसाजवळच होती. केस गमावूनही ऊब राखणे त्यालाच परवडले. आज उष्णतेचे स्पष्टीकरण सर्वाधिक मान्य आहे, परंतु एकाहून अधिक कारणे एकत्र आली असणे शक्य आहे.

आता दुसऱ्या प्रश्नाकडे येऊ. डेस्मंड मॉरिस यांच्या १९६७ सालच्या गाजलेल्या पुस्तकाने माणसाला 'नग्न वानर' हे नाव दिले. नाव आकर्षक, पण खरे नाही. माणसाच्या अंगावर सुमारे पन्नास लाख रोमकूप असतात आणि त्यांपैकी डोक्यावर फक्त एक लाखाच्या आसपास. तळहात, तळपाय, ओठ असे थोडे भाग सोडले तर त्वचा सर्वत्र केसाळ आहे. आपले केस संख्येने गेले नाहीत, ते आखूड, बारीक आणि फिकट झाले. डोक्यावरचा केस कित्येक वर्षे वाढत राहतो, हातावरचा काही आठवडे ते दोन-तीन महिने वाढून थांबतो. लांबीतला फरक यामुळे पडतो.

या आखूड लवेचे काम काय? १८९० च्या दशकात जर्मनीत माक्स फॉन फ्राय यांनी काडीला चिकटवलेल्या केसाने त्वचेवर ठरावीक दाब देऊन स्पर्शाचे बिंदू शोधले. केसाळ त्वचेत असे बिंदू केसांच्या मुळाशी सापडतात. रोमकुपाभोवती चेतातंतूंचे वेढे असतात. केस हलला की तरफेसारखी हालचाल मुळाशी पोचते. केस स्वतः निर्जीव, पण त्याच्यामुळे त्वचेला स्वतःच्या बाहेरचाही स्पर्श कळतो.

याचा उपयोग काय, हे इंग्लंडमधील शेफील्ड विद्यापीठात २०११ साली इझाबेल डीन आणि मायकेल सिवा-जोथी यांनी तपासले. एकोणतीस स्वयंसेवकांच्या एका हाताचा काही भाग भादरला, दुसऱ्या हाताची लव तशीच ठेवली आणि त्यांवर भुकेले ढेकूण सोडले. लव असलेल्या हातावर ढेकणांना चावण्याची जागा शोधायला जास्त वेळ लागला, आणि माणसालाही त्यांचा वावर अधिक जाणवला. किड्याला लपण्यापुरते दाट केस नाहीत, पण त्याची चाहूल देण्यापुरती लव आहे! प्रयोग साधा होता, तरी बेल्टनंतर तो व्हायला १३७ वर्षे लागली. लव निरुपयोगी हे गृहीतच धरलेले असल्यावर तिचा उपयोग तपासणार कोण?

रोमकुपांचे आणखी एक काम आहे. कातडी वरवर भाजली किंवा खरचटली, तर रोमकुपांच्या खोल भागातील पेशी वर सरकून नवी त्वचा तयार करतात. म्हणून रोमकूप शाबूत असलेली जखम लवकर भरते.

तेव्हा 'अवशेषांग' हा शब्द पुसायचा का? मुळीच नाही. अंगावर काटा येतो तेव्हा केस उभे करणारे स्नायू आजही आकुंचन पावतात. पूर्वजांच्या केसांत त्यामुळे उबदार हवा कोंडली जाई, आपल्याला ती ऊब मिळत नाही. कोपराकडे वळलेली लवही जुन्या कामाची खूणच आहे. पण अवशेषांग म्हणजे निरुपयोगी अंग, ही व्याख्या चुकीची आहे. मूळ काम गमावलेले अंग दुसऱ्या कामासाठी वापरले जाऊ शकते, हे डार्विनने १८५९ च्या 'ओरिजिन ऑफ स्पीशीज' मध्येच लिहून ठेवले होते.

हे वर्गात दाखवायला काहीच खर्च नाही. दोघा-दोघांच्या जोड्या करा. एकाने डोळे मिटावेत, दुसऱ्याने त्वचेला न शिवता त्याच्या हातावरचा एकच केस दोऱ्याच्या टोकाने हळूच हलवावा. डोळे मिटलेल्याने कळल्याबरोबर सांगावे. दहा प्रयत्नांपैकी किती वेळा कळले, ते वहीत मांडावे. मग तेच तळहातावर, त्वचेपासून तितक्याच अंतरावर दोरा धरून करावे. फरक कशामुळे पडला, हे विद्यार्थ्यांनाच सांगू द्या.