भोकरची पूर्वसीमा : एका महसुली हद्दीचे राज्यसीमेत रूपांतर

राज्यपुनर्रचनेच्या इतिहासात भाषेचा विचार पुष्कळ झाला आहे. सीमा कोणत्या घटकाने मोजली गेली, याचा विचार त्या मानाने कमी झाला. नांदेड जिल्ह्यातील भोकर तालुक्याची पूर्वसीमा या दृष्टीने अभ्यसनीय आहे. १९५६ पूर्वी ती हैदराबाद राज्याच्या नांदेड जिल्ह्यातीलच भोकर व मुधोळ या शेजारी तालुक्यांमधील साधी महसुली हद्द होती. १ नोव्हेंबर १९५६ रोजी तीच मुंबई व आंध्र प्रदेश या दोन राज्यांची सीमा झाली.

फाजल अली, हृदयनाथ कुंझरू व के. एम. पणिक्कर यांच्या आयोगाने १९५५ च्या अहवालात, सीमा ठरविताना सामान्यतः जिल्हा हा घटक धरावा, अशी भूमिका घेतली. ती अक्षरशः पाळली असती तर नांदेड व आदिलाबाद हे दोन्ही जिल्हे अखंड राहिले असते. राज्यपुनर्रचना अधिनियमाने मात्र निराळा मार्ग स्वीकारला. नांदेडमधून देगलूर तालुक्यातील बिचकुंदा व जुक्कल आणि मुधोळ तालुक्यातील मुधोळ, भैंसा व कुबेर ही मंडळे वगळली. उलट आदिलाबादमधून किनवट व राजुरा हे तालुके आणि बोथ तालुक्यातील इस्लापूर मंडळ मुंबई राज्यात आणले. मुधोळ तालुक्यातीलच धर्माबाद नांदेडमध्ये राहिले, तर गोदावरीकाठचे बासर आंध्रात गेले.

मंडळ, म्हणजे लोकांच्या बोलण्यातील ‘सर्कल’, हा काही गावांचा महसुली गट होय. त्याची रचना वसुलीच्या व देखरेखीच्या सोयीसाठी झालेली होती. भाषा हा तिचा आधार नव्हता. जिल्ह्यापेक्षा सूक्ष्म आणि गावापेक्षा स्थूल असा हा घटक ठरला. त्यामुळे तालुक्याची भाषिक विभागणी शक्य झाली, पण मंडळाच्या कडेच्या गावांचा पृथक् विचार झाला नाही. आंध्र व मद्रास यांच्या सीमेबाबत पाटसकर यांनी पुढे गाव हाच घटक मानला. त्या निवाड्यानुसार १९५९ चा कायदा झाला. नांदेडच्या सीमेवर तसे घडले नाही. म्हणून भैंसा-मुधोळकडे मराठी आणि धर्माबाद-बिलोलीकडे तेलुगू बोलणारी वस्ती राहिली. भोकर तालुक्यातील पाळज येथील गणपतीची काष्ठमूर्ती निर्मलच्या कारागिराने घडविलेली असून तिच्या दर्शनास आजही तेलंगणातून भाविक येतात.

तथापि भोकरची रेषा भाषेच्या दृष्टीने अपुरी असली तरी जमिनीवर संदिग्ध नव्हती. गावाच्या शिवेला शिव लागलेली होती. अधिनियमाने केवळ मंडळांची नावे घेतली तरी शेतकऱ्यास आपले शेत कोणत्या राज्यात आहे हे कळत होते. राजुऱ्याकडे याच्या उलट घडले. हा तालुका प्रथम नांदेड व १९५९ मध्ये चांदा जिल्ह्यात गेला. अधिनियमाने तालुक्याचे नाव दिले, डोंगरातील रेषा वर्णिली नाही. आजच्या जिवती तालुक्यातील चौदा गावांवर दोन्ही राज्यांचा दावा दीर्घकाळ राहिला. एकाच गावात दोन ग्रामपंचायती, दोन शाळा आणि एकाच मतदाराचे नाव दोन याद्यांत, अशी स्थिती उद्भवली.

या दोन उदाहरणांवरून सीमेच्या निश्चितीचे दोन भिन्न अर्थ स्पष्ट होतात : कोणता प्रदेश कोणाकडे जावा, हा एक, आणि ती रेषा नेमकी कोठून जाते, हा दुसरा. भोकरला दुसरा प्रश्न पूर्वीच सुटलेला होता, पहिला अंशतः सुटला. राजुऱ्यास पहिला कायद्याने सुटला, दुसरा डोंगरात शिल्लक राहिला.

यात आणखी एक स्थित्यंतर झाले. तालुक्याची हद्द राज्यशासन आपल्या आदेशाने बदलू शकते. राज्याची सीमा बदलण्यास संविधानाच्या तिसऱ्या अनुच्छेदानुसार संसदेचा कायदा लागतो. महसुलाच्या सोयीसाठी आखलेल्या रेषेस अशा रीतीने संविधानाचे कवच लाभले. २०१४ मध्ये तेलंगण झाले, २०१६ मध्ये भैंसा-मुधोळ निर्मल जिल्ह्यात गेले. पलीकडच्या राज्याचे व जिल्ह्याचे नाव बदलले, भोकरची पूर्वसीमा मात्र जुन्या दोन तालुक्यांच्या शिवेवरच राहिली.