बंगालचा उपसागर किती ढवळतो? नांगरलेल्या उपकरणांचा इतिहास

झाशीजवळून वाहणारी बेतवा हमीरपूरपाशी यमुनेला मिळते आणि यमुना प्रयागराजला गंगेला. म्हणजे झाशीवर पडलेल्या पावसाचा काही भाग शेवटी बंगालच्या उपसागरात पोहोचतो. गोडे पाणी हलके असते. ते खाऱ्या पाण्यावर पातळ थर धरून बसते की वारा ते खाली मिसळून टाकतो, यावर समुद्रपृष्ठाचे तापमान आणि त्यामागून मोसमी पावसाची वागणूक बरीच अवलंबून असते. हे मिसळणे मोजायचे कसे?

पाण्यातील संक्षोभ, म्हणजे लहानमोठ्या भोवऱ्यांची अस्ताव्यस्त हालचाल, अखेर सेंटिमीटरभर अंतरात विरते. साधे तापमापक ती पकडू शकत नाहीत. १९६६ मध्ये वॉल्टर मंक यांनी प्रशांत महासागराच्या खोल पाण्यासाठी मिश्रणाचा दर सेकंदाला सुमारे १ चौ. सेंमी. मांडला, तोही भोवरे न मोजता, तापमान व क्षारतेच्या मांडणीवरून. (भारताची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था त्याच वर्षी स्थापन झाली, तिचे मुख्यालय गोव्यात दोना पावला येथे आहे.) १९७२ मध्ये ऑस्बर्न आणि कॉक्स यांनी तापमानाच्या सूक्ष्म चढउतारांवरून हा दर काढण्याची रीत दिली. पुढे जहाजावरून सोडलेल्या उपकरणांना खुल्या समुद्राच्या वरच्या भागात बहुधा त्याचा दशांशच आढळला. मग उरलेले मिश्रण कुठे होते? की ते क्वचित, पण जोरात होते? जहाज काही आठवडेच थांबते आणि वादळात तर मुळीच नाही, त्यामुळे दुसरा प्रश्न जहाजावरून सुटणारा नव्हता.

ओरेगन स्टेट विद्यापीठातील जेम्स मूम यांच्या गटाने यासाठी 'काय-पॉड' बनवला. समुद्रतळाशी नांगरलेल्या दोरीवर बसवलेले हे उपकरण अतिशय चपळ तापमापकाने महिनोन्‌महिने नोंदी घेते. लाटांबरोबर दोरी वरखाली होते. वरवर हा उपद्रव वाटतो, पण त्यामुळेच पाणी तापमापकावरून वाहत राहते. मला ही युक्ती फार आवडते.

डिसेंबर २०१४ मध्ये भारत-अमेरिका सहकार्यातून उपसागरात १८° उत्तर अक्षांशावर एक बोया नांगरला गेला. त्याच्या दोरीवरील काय-पॉडच्या वर्षभराच्या नोंदींचे विश्लेषण ऋतब्रत ठाकूर व सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केले. मोसमी वाऱ्यांत मिश्रण वाढते, हे अपेक्षितच होते. पण नद्यांचे कमी क्षारतेचे पाणी तेथे पसरले, तेव्हा थराखालचे मिश्रण फारच मंदावले. जहाजाच्या एखाद्या फेरीत ही शांतता योगायोग वाटली असती. सलग नोंदीत ती ऋतूचा भाग म्हणून दिसते.