दोन काळांचा सांधा

अमरावतीच्या जवाहर गेटचे एक चित्र डोळ्यांपुढे आणू. डावी बाजू जुन्या फोटोची, तपकिरी, थोडी विटलेली. उजवी बाजू आजची, रंगीत : दुचाक्या, ऑटो, हातगाड्या, दुकानांच्या पाट्या. मधोमध दगडी कमान आणि तिच्यावरच दोन्ही फोटो जोडलेले. जुन्या-नव्या छायाचित्रांचे असे मिश्रण आता मोबाइलवरही करता येते. ते पाहून अमरावतीकर हमखास म्हणतो, ‘काय निवांत गाव होतं!’ या एका वाक्याची तपासणी करणे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

छायाचित्रे जोडण्याची युक्ती जुनीच आहे. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी १८५४मध्ये स्थापन झाली. पुढे त्याच शहरात विल्यम जॉन्सन याने मुंबईतल्या विविध जातीजमातींच्या छायाचित्रांचे दोन खंड काढले, १८६३ आणि १८६६ साली. त्यांतल्या अनेक चित्रांत माणसे एके ठिकाणी टिपलेली आहेत, मागचे दृश्य दुसऱ्या ठिकाणचे. दोन्ही मिळून एक चित्र तयार केलेले. सांधा कळू नये, अशीच ती योजना होती. याउलट अमेरिकेत मार्क क्लेट व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७७पासून एकोणिसाव्या शतकातल्या भूसर्वेक्षणाच्या फोटोंच्या नेमक्या जागा शोधल्या, तिथून पुन्हा फोटो घेतले आणि जुना-नवा शेजारी शेजारी ठेवला. पहिली पद्धत पाहणाऱ्याला भुलवते, दुसरी त्याला तपासायला लावते. आजचे मिश्रचित्र यांपैकी कोणत्या वाटेने जाते, हे ते करणाऱ्यावर अवलंबून आहे.

दुसऱ्या वाटेने जायचे तर पहिले काम पायांचे. जुना फोटोग्राफर जिथे उभा होता, तिथेच उभे राहावे लागते. त्यासाठी फोटोतली एक जवळची आणि एक दूरची खूण धरायची. समजा, कमानीचा कोपरा आणि तिच्यामागचा एखादा मनोरा. दोन्ही जुन्या फोटोत दिसतात तशाच एकमेकांआड येईपर्यंत डावी-उजवीकडे सरकायचे, मग मागे-पुढे. भिंगातला फरक फोटो कातरून भरून काढता येतो. उभे राहण्याची जागा चुकली तर ती मात्र नंतर दुरुस्त होत नाही. सावल्यांवरून वेळ आणि ऋतूचा अंदाज येतो. एवढे केल्यावर जी रेषा जुळत नाही, ती खरोखर बदललेली आहे असे म्हणता येते.

आता त्या निवांतपणाकडे येऊ. १८८०च्या आसपास कोरड्या काचा रूढ होईपर्यंत छायाचित्रासाठी रासायनिक लेप दिलेली काच ओली असतानाच वापरावी लागे आणि भिंग काही सेकंद, कधी त्याहूनही जास्त वेळ उघडे ठेवावे लागे. तेवढ्या वेळात चालता माणूस, वळता बैल, धावते पोर यांची फार तर धूसर छटा उमटे. पुष्कळदा तीही नाही. स्थिर तेवढे टिके : भिंत, झाड, बसलेला म्हातारा. म्हणून त्या काळच्या रस्त्यांच्या फोटोंत भर बाजार ओस दिसतो. त्याला आजची गर्दी जोडली की पूर्वी शांतता होती असा भास होतो. प्रत्यक्षात ती शांतता काचेची असते.

अमरावतीची कागदपत्रे वेगळेच सांगतात. हा परकोट निजामाच्या अमलात १८०७च्या सुमारास बांधायला घेतला, तो पेंढाऱ्यांच्या भीतीने, धनिक व्यापाऱ्यांच्या रक्षणासाठी. घेर सुमारे सव्वादोन मैल, उंची २० ते २६ फूट, पाच दरवाजे, चार खिडक्या. एका खिडकीचे नाव ‘खुनारी’ पडले, कारण तिच्याजवळच्या लढाईत ७०० माणसे मारली गेली, असे गॅझेटियर नोंदवते. तिथेच दुसरी नोंद आहे : १८४२मध्ये एकट्या एका व्यापाऱ्याने एक लाख बैलांवर लादून कापूस कलकत्त्याला पाठवला म्हणतात. आकडा थोडा फुगलेला मानला तरी या वेशींतली धूळ, घंटा आणि हाळ्या कल्पनेने ऐकू येतात. निवांत गावाला एवढी उंच भिंत कशाला लागेल?

अकोल्यात अडचण उलटी आहे. मोर्णेकाठचा असदगड औरंगजेबाच्या काळात, १६९७च्या सुमारास, असदखानाच्या नावे उभा राहिला. इंग्रजांनी १८७०च्या सुमारास त्याची तटबंदी पाडायला घेतली. १९१०च्या गॅझेटियरच्या वेळी मधल्या इमारतीत शाळा भरत होती. म्हणजे जोडायला अखंड भिंत नाही. उरलेले बुरूज आणि नदीचे वळण धरूनच जुना फोटो बसवावा लागतो, आणि जिथे काहीच जुळत नाही तिथे जागा कोरी सोडावी लागते. ही कोरी जागा संगणकाकडून ‘जुन्यासारखी’ भरून घेणे आज सर्वांत सोपे आहे. तसे केले की मिश्रचित्राचा पुरावा संपतो आणि सजावट उरते.

आणखी एक प्रश्न कॅमेरा कोणाचा हा. १८५३च्या तहाने वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे गेला, मालकी निजामाचीच राहिली. १९०३मध्ये तो मध्य प्रांताला जोडला गेला. सरकारी कॅमेरा आला तो देवळे आणि किल्ले टिपायला. पुरातत्त्व खात्याच्या हेन्री कझिन्स यांच्या कामात लोणारचे दैत्यसूदन मंदिर आहे. खात्याच्या छायाचित्रांचा मोठा साठा आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. अशा फोटोंत खांबाशेजारी पुष्कळदा एक माणूस उभा असतो. उंचीचे माप कळावे म्हणून त्याला उभे केलेले असते. खांबाची नोंद होते, त्याची होत नाही. मिश्रण करताना चित्र स्वच्छ दिसावे म्हणून पहिल्यांदा पुसला जातो तोही हाच माणूस.

बाजार, जिन, पोळा, वरात यांचे वऱ्हाड शोधायचे तर घरच्या अल्बमांकडे आणि जुन्या स्टुडिओंच्या काचांकडे वळावे लागेल. वरातीच्या फोटोत नवरदेवामागे एखादी वेस, एखादी पाटी सहज येऊन गेलेली असते. या काचा मात्र भंगारात जातात आणि अल्बम वाटणीत फुटतात. म्हणून या दिवाळीत घरातला एखादा जुना फोटो बाहेर काढावा. मागे पेन्सिलीने जागा, अंदाजे साल आणि माणसांची नावे लिहावीत. मग तो घेऊन त्या जागी जावे, नवा फोटो काढावा, हवे तर दोन्ही जोडावेत. सांधा मात्र दिसू द्यावा आणि मूळ फोटो वेगळा जपावा. पुढच्या पिढीतले कोणी तरी तिसरा फोटो काढायला तिथे जाईल, तेव्हा नेमके कुठे उभे राहायचे हे त्याला कळले पाहिजे.