जेवणाचे फोटो काढून वजन कमी करता येते का?

चंद्रपूर, ब्रह्मपुरी, मूल, वडसा, आरमोरी हा सगळा धानाचा पट्टा. इथे जेवण म्हणजे भात. दिवसभर चिखलात वाकून रोवणी करणाऱ्याला भाताचे मोठे ताट लागतेच. पण त्याच घरातला मुलगा आज कार्यालयात, दुकानात किंवा यंत्रासमोर बसून काम करतो. काम बदलले, ताट मात्र शेतावरचेच राहिले. वजन वाढण्याचे हे एक साधे कारण आहे. रोजचे ताट आपल्याला इतके सवयीचे असते की त्यात किती भात आहे हे दिसतच नाही. फोटोचा उपयोग इथे होतो.

आधी ठरवा: तुम्हाला वजन कमी करायचे आहे का?

आपल्या भागात एकाच घरात एक जण स्थूल आणि दुसरा अशक्त असू शकतो. म्हणून आधी वजन-उंचीचे गुणोत्तर (बीएमआय) काढा. किलोमधल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागायचे. भारतीयांसाठी २३ च्या पुढे जास्त वजन आणि २५ पासून स्थूलता धरतात. १८.५ पेक्षा कमी म्हणजे वजन कमी आहे. उदाहरणार्थ, उंची १६० सेंटिमीटर असेल तर ५९ किलोच्या वर जास्त वजन, ६४ पासून स्थूलता आणि ४७ च्या खाली कमी वजन. कमरेचा घेरही मोजा. पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरपेक्षा जास्त घेर धोक्याचा.

फोटोने काय साधते?

खाण्याची नोंद ठेवणाऱ्यांचे वजन जास्त उतरते, हे अनेक अभ्यासांत दिसले आहे. २००८ साली अमेरिकेत सुमारे १७०० लोकांचा असा अभ्यास प्रसिद्ध झाला. आठवड्यातले सहा-सात दिवस खाणे लिहून ठेवणाऱ्यांचे वजन, जवळपास न लिहिणाऱ्यांच्या तुलनेत सुमारे दुप्पट उतरले. पण रोज वहीत लिहायचा कंटाळा येतो. फोटो दोन सेकंदांत निघतो, त्यावर वेळ आपोआप नोंदली जाते आणि नेटवर्क नसले तरी चालते. खाण किंवा वीजकेंद्रात पाळीने काम करणाऱ्यांना या वेळेचा विशेष उपयोग आहे. रात्रपाळीत आपण कधी आणि काय खाल्ले, हे एरवी आठवत नाही.

मात्र फोटोने वजन उतरत नाही. फोटो पाहून ताट बदलले तरच उतरते.

फोटो कसा काढावा?

- पहिला घास घेण्याआधी काढा. भातावर वरण घालून कालवण्याआधी भात वेगळा दिसला पाहिजे.
- रोज तेच ताट आणि तीच वाटी वापरा. शेजारी चमचा ठेवा, म्हणजे प्रमाण कळते.
- दुसऱ्यांदा भात घेतला तर पुन्हा फोटो काढा. बहुतेकांची चूक इथेच होते.
- चहा, बिस्कीट, आलूबोंडा, लग्नातली पंगत, मुलांच्या ताटात उरलेले खाल्लेले, सगळ्याचा फोटो हवा.
- फोटो राहून गेला तर आठवून लिहा. फोटोसाठी ताट सजवू नका. ही नोंद तुमच्यासाठी आहे, गटावर पाठवण्यासाठी नाही.

फोटोत न दिसणाऱ्या गोष्टी

तेल आणि साखर फोटोत दिसत नाहीत. एक चहाचा चमचा तेल म्हणजे सुमारे ४५ किलोकॅलरी, एक चमचा साखर म्हणजे २०. दिवसाला दोन-दोन चमचे साखरेचे चार चहा घेतले तर १६० किलोकॅलरी नुसत्या साखरेच्या झाल्या. १०० ग्रॅम शिजलेल्या भातात सुमारे १३० असतात. म्हणजे नुसता भात कमी केला आणि चहा तसाच ठेवला, तर हिशेब जुळणार नाही.

तेलासाठी सोपी युक्ती: नवा डबा उघडताना त्यावर तारीख लिहा. बैठे काम करणाऱ्या चौघांच्या घरात महिन्याला तीन लिटरपेक्षा जास्त तेल संपत असेल, तर ते कमी करायला जागा आहे. फोटोवरून कॅलरी सांगणारी ॲप्सही कालवणातले तेल नीट ओळखू शकत नाहीत. त्यांच्या आकड्यांवर विसंबू नका.

आठवड्याने काय करावे?

बाजाराच्या किंवा सुट्टीच्या दिवशी सगळे फोटो ओळीने पाहा. तीन प्रश्न विचारा. ताटाचा किती भाग भाताने व्यापला? भाजी, डाळ, मासे किंवा अंडी किती? जेवणाव्यतिरिक्त किती वेळा खाल्ले?

मग एकच बदल ठरवा. अर्धे ताट भाजीचे, पाव ताट भाताचे आणि पाव ताट डाळ किंवा माशांचे, हे ध्येय ठेवा. त्यासाठी महाग काही लागत नाही. अंबाडी, तरोटा, काटवल, बांबूचे कोवळे कोंब, मामा तलावातली मासळी हे सगळे कमी तेलात शिजवले तर उत्तम. आठवड्याला सुमारे अर्धा किलो वजन उतरणे पुरेसे आहे. ७० किलोच्या माणसाचे साडेतीन किलो उतरले तरी रक्तदाब आणि साखर सुधारायला मदत होते. रोवणी-कापणीच्या दिवसांत शेतात राबत असाल तर जास्त अन्न लागते, तेव्हा भात फार तोडू नका.

कोणी हा प्रयोग करू नये?

- गरोदर आणि स्तनदा माता, वाढती मुले, कमी वजनाच्या व्यक्ती.
- मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या घेणारे. भात एकदम कमी केल्यास साखर उतरून घाम, थरथर, चक्कर येऊ शकते. असे झाल्यास लगेच साखर खा. आहार बदलण्याआधी डॉक्टरांकडून औषधाचे प्रमाण ठरवून घ्या.
- सिकलसेलचे रुग्ण. आपल्या दोन्ही जिल्ह्यांत हा आजार बराच आहे. उपाशी राहणे आणि पाणी कमी पडणे त्यांना घातक ठरू शकते.
- फोटो पाहून अपराधी वाटून जेवण टाळणारे किंवा खाल्लेले ओकून काढणारे. त्यांनी फोटो थांबवून डॉक्टरांशी बोलावे.

प्रयत्न न करता वजन उतरत असेल तर आनंद मानू नका. सोबत दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला, ताप किंवा रात्री घाम असेल तर प्राथमिक आरोग्य केंद्रात क्षयरोगाची तपासणी करून घ्या. ती मोफत होते.

सुरुवात आजच्या जेवणापासून करा. पहिला आठवडा काहीही बदलू नका, फक्त फोटो काढा. आपले खरे ताट आधी दिसू द्या.