सूत्र आणि भाष्य : भोकरदन परिसरातील शालेय भौतिकशास्त्राच्या अध्ययनाचा भाषिक इतिहास

‘एफ बरोबर एमए’, ‘व्ही बरोबर यू अधिक एटी’ ही सूत्रे भोकरदन तालुक्यातील मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्यास नववीच्या वर्गात शिकावी लागतात. ती अनादि काळापासून याच रूपात असावीत असा समज होतो. वस्तुतः न्यूटनने १६८७ च्या ‘प्रिन्सिपिया’त गतीचा दुसरा नियम शब्दांत मांडला होता. त्यास समीकरणाचे रूप अठराव्या शतकाच्या मध्यास ऑयलरने दिले. शालेय सूत्राची भाषाही अशीच बदलत आलेली आहे. भोकरदनसारख्या गावी तर ती शंभर वर्षांच्या आत दोनदा बदलली.

मराठीने या समीकरणांना ‘सूत्र’ हा शब्द योजला, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे. आपल्या परंपरेत सूत्र हे पाठ करण्यासाठीच असते. परंतु ते एकटे नसते, त्याला भाष्य असते. भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त (इ.स. ११५०) नियम पद्यात दिला आणि लगोलग उदाहरण घातले. आपल्या सिद्धान्तग्रंथावर त्यांनी स्वतःच ‘वासनाभाष्य’ लिहिले. येथे ‘वासना’ म्हणजे उपपत्ती होय. भोकरदनच्या पश्चिमेस, चाळीसगावजवळच्या पाटण येथील तेराव्या शतकाच्या आरंभीच्या शिलालेखात भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापल्याचा उल्लेख आहे. नुसत्या पाठांतरासाठी मठाची आवश्यकता भासली नसती. पुढील काळात पंतोजींच्या शाळेत पाढे, पावकी, निमकी यांचे पाठांतर टिकले, पण भाष्याची बाजू दुबळी झाली. आधुनिक भौतिकशास्त्र याच सवयीच्या जमिनीत रुजले.

मुंबई इलाख्यात एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच हरि केशवजी पाठारे यांच्यासारख्यांनी विज्ञान संवादरूपाने मराठीत आणले. त्या काळी भौतिकशास्त्रास ‘सिद्धपदार्थविज्ञान’ म्हणत. तथापि निजामाच्या हैदराबाद संस्थानात, तत्कालीन औरंगाबाद जिल्ह्यात असलेल्या भोकरदनची स्थिती निराळी होती. संस्थानात शासकीय माध्यमिक शिक्षण प्रामुख्याने उर्दूतून दिले जाई. १९१७ मध्ये हैदराबादेत अनुवाद विभाग आणि १९१८ मध्ये उस्मानिया विद्यापीठ स्थापन झाले. पाश्चात्त्य विज्ञान एका भारतीय भाषेतून उच्च स्तरापर्यंत शिकविण्याचा हा मोठा प्रयोग होता. वहीदुद्दीन सलीम यांनी १९२१ मध्ये परिभाषा घडविण्याच्या तत्त्वांवर स्वतंत्र ग्रंथच लिहिला. मराठवाड्याच्या इतिहासलेखनात या प्रयोगाची नोंद बहुधा केवळ भाषिक अन्याय म्हणून होते. ते अपुरे आहे. मात्र अन्यायही खोटा नव्हता. घरी मराठी बोलणाऱ्या मुलास बलासाठी ‘कुव्वत’, वस्तुमानासाठी ‘कमियत’ आणि त्वरणासाठी ‘इसराअ’ हे शब्द आधी शिकावे लागत, नंतर त्यांतील संबंध. मातृभाषेतून शिक्षणाची मागणी करणाऱ्या महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन १९३७ मध्ये भरले ते याच भागातील परतूर येथे.

१७ सप्टेंबर १९४८ नंतर माध्यम पालटले. १९५६ मध्ये मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. त्याच वर्षी भाषा संचालनालय, १९६७ मध्ये ‘बालभारती’ स्थापन झाली आणि ‘बल’, ‘वस्तुमान’, ‘त्वरण’, ‘संवेग’ हे शब्द वर्गात स्थिरावले. शब्द मराठी झाले, चिन्हे मात्र रोमनच राहिली. सार्वत्रिक चिन्हांचा लाभ उघड आहे. परंतु इंग्रजी माध्यमाच्या मुलास ‘एफ’मध्ये ‘फोर्स’ ऐकू येतो, तसे मराठी मुलास ‘एफ’मध्ये ‘बल’ ऐकू येत नाही. अर्थात इंग्रजीही सर्वत्र साहाय्य करीत नाही. विद्युतधारेचा ‘आय’ फ्रेंच शब्दावरून आला आहे, आणि आरंभीच्या वेगाचा ‘यू’ हा केवळ ‘व्ही’च्या आधीचे अक्षर आहे. चिन्हाचा शब्दाशी सांधा जुळविणे हे काम भाष्याचे, म्हणजे शिक्षकाचे आहे. परीक्षेच्या घाईत नेमके तेच गळते आणि सूत्र पाढ्यासारखे म्हटले जाते.

एककांचा बदल याहून अधिक बोलका आहे. गुरुत्वत्वरण आधी ३२ फूट, मग ९८१ सेंटिमीटर, मग ९.८ मीटर असे पाठ करावे लागले. वजनमापांच्या १९५६ च्या कायद्यानंतर बाजारातील मण-शेर जाऊन किलोग्रॅम आला. पण ‘वजन’ हा शब्द तोच राहिला. पाठ्यपुस्तकात किलोग्रॅम हे वस्तुमानाचे एकक असून वजन न्यूटनमध्ये मोजतात. भोकरदनच्या बाजारात मक्याचे एक क्विंटलचे पोते तोलले की शेतकरी त्याचे वजन शंभर किलो सांगतो. त्याच्या मुलाने प्रश्नपत्रिकेत तेच उत्तर लिहिले तर ते चूक ठरते; तेथे सुमारे ९८० न्यूटन अपेक्षित असते.