शस्त्रवैद्याचा हात

१९८८ साली आमच्या आईचे पित्ताशय काढले. मी तेव्हा तिसरीत होतो. उजव्या बरगडीखाली वीतभर चीर, दहा दिवसांचा इस्पितळातला मुक्काम आणि घरी येताना काचेच्या बाटलीत घालून दिलेले खडे, एवढे मला स्वच्छ आठवते. येणाऱ्या-जाणाऱ्याला ती बाटली कौतुकाने दाखविली जाई. तेच काम आता यंत्राच्या हातांनीही होते, हे मध्यंतरी तिला सांगितले, तर तिने विचारले, "म्हणजे डॉक्टर पोटाला हात लावीतच नाहीत?"

या हाताचा इतिहास मोठा मनोरंजक आहे.

पित्ताशय म्हणजे यकृताखाली लोंबणारी, लहानशा वांग्याच्या घाटाची पिशवी. यकृतात तयार होणारे पित्त तीत साठते आणि तुपातेलाचे अन्न पोटात गेले की आतड्यात उतरते. घोड्याला व हत्तीला ही पिशवी मुळी नसतेच, आणि त्यावाचून त्यांचे काही अडतही नाही! पूर्वीचे शस्त्रवैद्य पिशवी उघडून खडे तेवढे काढीत. खडे पुन्हा होत. बर्लिनच्या कार्ल लांगेनबुखचे म्हणणे असे की, पिशवीत खडे आहेत म्हणून नव्हे, तर ती खडे घडविते म्हणून तीच काढावी. आधी मृतदेहांवर हात बसवून १५ जुलै १८८२ रोजी त्याने एका त्रेचाळीस वर्षांच्या रुग्णाचे पित्ताशय काढले. रुग्ण बरा होऊन घरी गेला. पुढची शंभर वर्षे जगभर हीच रीत चालली: पोट उघडावयाचे आणि हात आत घालावयाचा.

तो हात प्रथम बाहेर ठेवला एरिश म्यूहे या जर्मन शस्त्रवैद्याने. १२ सप्टेंबर १९८५ रोजी बोब्लिंगेन गावी त्याने स्वतः घडविलेली दुर्बीण पोटात सारून पित्ताशय काढले. पुढल्या वर्षी देशातल्या शस्त्रवैद्यांच्या परिषदेत हे सांगावयास तो उभा राहिला, तेव्हा वाट्याला आली ती चेष्टा. मोठी चीर म्हणजे मोठा शस्त्रवैद्य, अशी त्या पिढीची समजूत होती. १९८७ साली लियों शहरात फिलिप मूरे याने हीच शस्त्रक्रिया कॅमेऱ्याच्या साहाय्याने केली आणि मग हा हा म्हणता ती सर्वत्र पसरली. ज्या संस्थेने म्यूहेला हसण्यावारी नेले होते तिनेच १९९२ साली त्याचा सन्मान केला. उशिरा का होईना, केला! मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेमतन उडवाडिया यांनी १९९० मध्ये भारतातली अशी पहिली शस्त्रक्रिया केली. आईचे दुखणे दोनच वर्षे थांबते, तर कदाचित तिची वीतभर चीर वाचती.

आता यंत्राविषयी. 'रोबो' हा शब्द कारेल चापेक या चेक लेखकाच्या १९२० सालच्या नाटकातून जगभर गेला; त्याचे मूळ वेठीच्या कामाला असलेल्या चेक शब्दात आहे. आपण त्याला यंत्रमानव म्हणून मोठा मान देतो, परंतु शस्त्रक्रियागृहात तो खरोखरच वेठबिगार असतो. शस्त्रवैद्य मूठ हलवील तसे हलावयाचे, एवढेच त्याचे काम. १९९७ च्या मार्चमध्ये बेल्जियममध्ये अशा यंत्राने पहिल्यांदा निघाले तेही पित्ताशयच.

७ सप्टेंबर २००१ या दिवसाची हकीगत तर कादंबरीत शोभावी अशी. रुग्ण, अडुसष्ट वर्षांची एक बाई, फ्रान्समध्ये स्ट्रासबुर्गच्या इस्पितळात. शस्त्रवैद्य झाक मारेस्को न्यूयॉर्कमध्ये. मध्ये अख्खा अटलांटिक महासागर. अटलांटिक एकट्याने विमानातून ओलांडणाऱ्या लिंडबर्गचे नाव या प्रयोगाला दिले होते. मारेस्कोने मूठ वळवावी, ती हालचाल तारेतून जाऊन 'झ्यूस' यंत्राच्या हाताने करावी आणि तिचे चित्र परत पडद्यावर दिसावे, यास सेकंदाचा सुमारे सातवा हिस्सा लागे. स्पर्श मात्र तारेतून येत नव्हता. ऊतक किती ताणले गेले, हे नुसत्या डोळ्यांनी ताडावे लागे. चौपन्न मिनिटांत पित्ताशय सुटले आणि दोन दिवसांनी बाई घरी गेली. तिच्याजवळ स्ट्रासबुर्गमध्ये दुसरे शस्त्रवैद्य सज्ज उभे होते. तार तुटलीच तर काम त्यांनी हाती घ्यावयाचे होते. मला त्यांचेही कौतुक वाटते. सगळी तयारी करून काहीच करावे न लागणे, हे त्या दिवशी त्यांचे यश होते.

चौथ्या दिवशी त्याच न्यूयॉर्कमध्ये जुळे मनोरे कोसळले आणि ही बातमी त्या धुरळ्यात दिसेनाशी झाली. २००३ साली झ्यूस बनविणारी कंपनी प्रतिस्पर्ध्याच्या पोटात गेली व ते यंत्रही मागे पडले.

हल्ली यंत्रावर काम करणारा शस्त्रवैद्य बहुधा त्याच खोलीत, रुग्णापासून चार पावलांवर बसतो. हे ऐकून आई म्हणाली, "इतके जवळ असतात, तर शेजारीच का नाही उभे राहत?" मी तिला सांगितले की, यंत्राचे मनगट माणसाच्या मनगटाहून अधिक वळते, हाताचा कंप ते गाळून टाकते, आणि ओटीपोटाच्या अरुंद जागेत, गुदाशयाच्या कर्करोगासारख्या कामी, त्याचा उपयोग होतो. साध्या पित्ताशयासाठी मात्र एवढे महागडे यंत्र कशाला, हा वाद शस्त्रवैद्यांतच अजून मिटलेला नाही. तिने तो तिथल्या तिथे मिटविला आणि खड्यांची ती बाटली कुठे गेली, ते मला विचारले.