दिव्यापासून मोटारीपर्यंत : तेल आणि वीज यांची स्पर्धा

विजेच्या मोटारींना ऊर्जा कोणी पुरवायची? पेट्रोलपंप चालवणाऱ्या तेलकंपन्यांनी, की घरोघरी वीज देणाऱ्या कंपन्यांनी? ही स्पर्धा अगदी नवी वाटते. पण तेल आणि वीज गेली शंभराहून अधिक वर्षे एकमेकांची गिऱ्हाइके पळवत आली आहेत. अमेरिकेत हे कसे घडले ते पाहू.

पहिला सामना दिव्याचा होता. एकोणिसाव्या शतकात तेलकंपन्यांचा मुख्य माल म्हणजे रॉकेल. खनिज तेल शुद्ध करताना मिळणाऱ्या पेट्रोलला फारशी मागणी नव्हती. १८८२ साली एडिसनने न्यूयॉर्कमध्ये पर्ल स्ट्रीटवर वीजकेंद्र सुरू केले. पुढे शहराशहरांत विजेच्या दिव्याने रॉकेलचा दिवा हटवला.

दुसरा सामना मोटारीचा. १९०० साली अमेरिकेत तयार झालेल्या सुमारे ४,२०० मोटारींपैकी १,६८१ वाफेवर, १,५७५ विजेवर आणि अवघ्या ९३६ पेट्रोलवर चालणाऱ्या होत्या. वीजकंपन्यांना विजेच्या मोटारी हव्याच होत्या. का? संध्याकाळी सगळीकडे दिवे लागत, त्या वेळची मागणी पुरी होईल एवढी जनित्रे त्यांना बसवावी लागत. मध्यरात्रीनंतर त्यांतली बरीचशी रिकामी राहत. गुंतवलेल्या भांडवलाचे व्याज मात्र चोवीस तास चालूच! रात्री मोटारींच्या बॅटऱ्या चार्ज झाल्या, तर त्याच यंत्रांतून जादा उत्पन्न मिळणार होते. हार्टफर्ड शहरातील वीजकंपनीने तर १९१२पासून मालमोटारींसाठी बॅटऱ्या बदलून देण्याची सोय केली. मालकाने गाडी बॅटरीशिवाय घ्यायची, आणि दरमहा ठरावीक रक्कम व मैलागणिक आकार वीजकंपनीला द्यायचा. ही सेवा १९२४पर्यंत चालली.

तरीही हा सामना तेलाने जिंकला. १९०८मध्ये फोर्डची स्वस्त ‘मॉडेल टी’ आली. १९१२च्या कॅडिलॅक मोटारीत बटणाने इंजिन सुरू होऊ लागले आणि हँडल मारण्याचा त्रास संपला. १९१३मध्ये बर्टनच्या पद्धतीने जड तेलाचे रेणू उष्णतेने व दाबाने तोडून जास्त पेट्रोल मिळवणे व्यवहारात आले. शिवाय पेट्रोल डब्यात भरून कोणत्याही गावी नेता येई. विजेला तारा लागत, आणि १९३०च्या सुमारास अमेरिकेत दहा शेतघरांपैकी जेमतेम एका घरी वीज होती. म्हणजे निकाल केवळ इंजिनाने लावला नाही. इंधन गिऱ्हाइकापर्यंत कसे पोहोचते, यालाही तितकेच महत्त्व होते.

तिसरा सामना आपल्या डोळ्यांसमोर सुरू आहे. २०१७मध्ये शेलने ‘न्यूमोशन’ आणि २०१८मध्ये बीपीने ‘चार्जमास्टर’ या चार्जिंग कंपन्या विकत घेतल्या. २०२१मध्ये शेलने रस्त्यावरील दिव्यांच्या खांबांवर चार्जिंगची सोय करणारी कंपनीही घेतली. ज्या विजेच्या दिव्याने रॉकेलला हटवले, त्याच्याच खांबापाशी तेलाचा व्यापारी येऊन उभा राहिला!

वीजकंपन्यांकडे तारा आहेत, पण हेच बळ अडचणीचेही ठरते. कॅलिफोर्नियाच्या नियामक आयोगाने २०११मध्ये तेथील खाजगी वीजकंपन्यांना चार्जिंग केंद्रांची मालकी घेण्यास मनाई केली. मक्तेदार कंपनी इतरांना टिकू देणार नाही, ही भीती त्यामागे होती. २०१४मध्ये ही सरसकट बंदी उठली. भारतात २०१८मध्ये केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने चार्जिंग ही विजेची विक्री नसून सेवा आहे असे स्पष्ट केले. त्यामुळे परवान्याची अट राहिली नाही आणि हे क्षेत्र पेट्रोलपंपांसह सर्वांनाच खुले झाले.

कोणीही जिंकले तरी वीज त्याच तारांतून येणार. सर्वांनी संध्याकाळी सात वाजता गाड्या चार्जिंगला लावल्या, तर नवी जनित्रे आणि जाड तारा लागतील. त्यांचा खर्च वीजबिलांतून वसूल झाला, तर ज्याच्याकडे सायकलसुद्धा नाही त्यालाही तो भरावा लागेल. गाड्या रात्री उशिरा किंवा भर दुपारी, सौर वीज भरपूर असताना चार्ज झाल्या, तर तीच यंत्रणा बऱ्याच अंशी पुरेल. म्हणून कोण जिंकेल याबरोबरच गाडी केव्हा चार्ज होते आणि पैसे कोण भरतो, हेही विचारायला हवे. आपल्या गावात विजेची मागणी कोणत्या वेळी सर्वाधिक असते, याचा शोध विद्यार्थ्यांना घ्यायला सांगावा. चर्चेची सुरुवात तेथून चांगली होईल.